म्हैस गाभडली होती का?

उंब्रजला फिजिशियन म्हणून दवाखाना चालवायचा, तर वर्षभर तापाशीच गाठ असते. पावसाळा लागला की डेंग्यू आणि चिकुनगुनिया. वरच्या अंगाला भाताची चिखलणी सुरू झाली की लेप्टोस्पायरोसिसचा संशय. लग्नसराईत टायफॉईड आणि कावीळ. ऊस तुटायला लागला की फडातून न्यूमोनियाची माणसं येतात. महामार्ग दारातच असल्यानं ट्रकवालेही येतात, आणि कुठल्या राज्यातला मलेरिया घेऊन आलेत ते विचारून घ्यावं लागतं. यांतले बहुतेक आठवड्याभरात बरे होऊन घरी जातात. त्यासाठी कुणाला फोन करावा लागत नाही.

फोन करावा लागतो तो मुक्काम ठोकून बसणाऱ्या तापासाठी. पेशंट चार दवाखाने फिरून आलेला असतो, वेगवेगळी अँटिबायोटिक्स होऊन गेलेली असतात, आणि त्यामुळं कल्चरमध्ये काही उगवेल याची आशा कमी झालेली असते. आम्ही मिरजेच्या मेडिकल कॉलेजात शिकत होतो तेव्हा अशा वेळी आपल्या सरांना विचारायचं, एवढाच मार्ग होता. संसर्गजन्य आजारांची इस्पितळं महाराष्ट्रात जुनी आहेत, मुंबईचं कस्तुरबा, पुण्याचं नायडू. पण ती साथीच्या रुग्णांना वेगळं ठेवण्यासाठी उभी राहिली. फक्त इन्फेक्शन हाच ज्याचा विषय आहे आणि दुसऱ्या डॉक्टरांच्या पेशंटबद्दल सल्ला देणं हेच ज्याचं मुख्य काम आहे, असा डॉक्टर आमच्या पिढीनं शिकताना पाहिला नव्हता. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी घेतला तेव्हा ही गरज दिसली. २०२० मध्ये राज्य सरकारनं डॉ. संजय ओक यांच्या अध्यक्षतेखाली कोविडचा टास्क फोर्स नेमला, त्यात डॉ. ओम श्रीवास्तव यांच्यासारखे इन्फेक्शनचे तज्ज्ञ होते. त्या दोन वर्षांत संध्याकाळच्या झूम मीटिंगांना बसून आम्हा तालुक्याच्या डॉक्टरांना एक चांगली सवय लागली. अडलं की विचारायचं, आणि विचारताना संकोच करायचा नाही. पुण्याच्या ज्या मॅडमना मी आज फोन करतो, त्यांची ओळखही त्याच काळातली.

ज्या पेशंटबद्दल सांगणार आहे त्यांच्या घरच्यांना विचारूनच लिहितो आहे. नाव आणि वाडी मात्र सांगत नाही.

पौष महिना होता. पालच्या खंडोबाची यात्रा नुकतीच होऊन गेली होती. तारळी नदीच्या खोऱ्यातल्या एका वाडीवरचे पन्नाशीचे गृहस्थ, त्यांना आबा म्हणू, मुलाच्या मोटारसायकलवर बसून आले. आत आल्यावर खुर्चीत बसेनात. टेबलाच्या कडेवर दोन्ही तळहात टेकून उभेच राहिले. कंबर बसू देत नव्हती. बरोबर त्यांच्या मंडळी होत्या आणि त्यांच्या हातात रिपोर्टांनी फुगलेली पिशवी.

महिन्याच्या वर ताप. सकाळी माणूस बरा असतो, गोठ्यात जातो, चहा घेतो. तिन्हीसांजेला अंग कसकसायला लागतं आणि रात्री एवढा घाम येतो की अंथरूण भिजून जातं. वजन उतरलेलं. मधे आठ-दहा दिवस ताप आपोआप गेला, म्हणून देवाला नारळ फोडला, तर पुन्हा आला. पिशवीत टायफॉईडची विडाल चाचणी होती, डेंग्यू होता, मलेरिया होता, छातीचा फोटो होता. सगळ्यात वर कराडला काढलेला एमआरआय. कमरेचा चौथा आणि पाचवा मणका आणि त्यांच्यामधली चकती, तिथं इन्फेक्शन. रिपोर्टच्या शेवटी कॉक्सची शक्यता, म्हणजे टीबीची. हाडांच्या डॉक्टरांनी एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, सुरू करायला सांगितलं होतं.

हा सल्ला वावगा नव्हता. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी सुमारे पाव हिस्सा एकट्या भारतात आहे. ताप, घाम, वजन घटणं आणि खराब झालेला मणका एकत्र दिसल्यावर आपल्याकडच्या डॉक्टरच्या मनात पहिल्यांदा टीबीच यायला हवा. पण मणक्याच्या टीबीला वर्ष-दीड वर्ष गोळ्या घ्याव्या लागतात, आणि एकदा सुरू केल्यावर मागं फिरणं अवघड असतं. मला या चित्रात दोन-तीन गोष्टी बसत नव्हत्या. मणके खराब झाले होते पण ढासळले नव्हते. आसपास पुवाचा मोठा साठा नव्हता. टीबी बहुधा पाठीच्या वरच्या किंवा मधल्या भागात शिरतो, इथं थेट कंबर धरली होती. आणि ताप जातो काय, परत येतो काय. आबांना दाखल करून घेतलं आणि घरच्यांना म्हटलं, आजची रात्र द्या, उद्या पुण्याच्या मॅडमशी बोलतो आणि मग गोळ्यांचं ठरवू.

कसं विचारायचं, याबद्दल थोडं सांगतो, कारण बरेचसे सल्ले तिथंच फसतात. व्हॉट्सॲपवर सहा रिपोर्टांचे वाकडे फोटो टाकायचे आणि खाली ‘सर, कोणतं अँटिबायोटिक?’ एवढंच लिहायचं, हा प्रकार सर्रास चालतो. फोटो उघडणारा माणूस तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तरी आयसीयूत उभा असतो. मी एक पान लिहून काढतो. ताप कितव्या दिवशी आहे. कोणतं औषध कोणत्या तारखेला सुरू झालं, कधी थांबलं. कल्चर घेतलं तेव्हा अंगात अँटिबायोटिक होतं की नव्हतं. पेशंट काय काम करतो, कुठं झोपतो, काय खातो. मला काय वाटतं आणि कशामुळं शंका येते. सगळ्यात शेवटी नेमका प्रश्न. हे पान लिहितानाच निम्मा उलगडा होतो असं पुष्कळदा झालं आहे. यावेळी माझा प्रश्न होता, ‘एकेटीच्या आधी आणखी काय शोधू?’

मॅडमनी पान वाचलं आणि फोन केला. औषधाचं नाव काढलंच नाही. म्हणाल्या, “सर, पेशंट जवळ आहेत का? मी लाईनवर थांबते, तुम्ही त्यांना विचारत जा. घरी जनावरं किती?”

मी वॉर्डात गेलो. आबा कुशीवर पडले होते, उत्तर त्यांच्या मंडळींनी दिलं. “दोन म्हशी, येक कालवड, चार शेरडं.”

“वर्षभरात एखादी गाभडली?”

मावशींनी आधी नवऱ्याकडं पाहिलं. “गाभडली की. दिवाळीच्या आदी. आठव्या म्हैन्यात टाकलं तिनं.”

“जार कुणी काढला?”

“पडंना म्हनून ह्येंनीच हात घालून काढला. रातीचं कुनाला बोलवायचं?”

“हाताला काही जखम होती?”

आबांनी उजवा हात उलटा करून दाखवला. अंगठ्याच्या मुळाशी विळ्यानं कापल्याचा बारका व्रण होता. वैरण कापताना अशी कापणी होतच असते, त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

दूध तापवून पिता का? डेअरीला घालतो, घरचं तापवतो, पण हे धारेला बसले की पेलाभर कच्चंच घेतात, लहानपणापासूनची सवय. आमचा मुलूख पैलवानकीचा. धारोष्ण दुधाची थोरवी इथं पोरं तालमीत जायच्या वयापासून ऐकत असतात. मग मॅडमनी आणखी एक प्रश्न विचारायला सांगितला, त्यासाठी मी मावशींना चहा घेऊन या म्हटलं. वृषणाला सूज, दुखणं? आबा जरा वेळ गप्प राहिले. “हुती सूज. पंधरा-वीस दिस झालं. आता उतारलीया. ते काय सांगायचं, म्हनून सांगितलं न्हाई.” चार दवाखाने झाले होते, आणि कुणी विचारल्याशिवाय ते हे कधीच बोलले नसते.

मॅडम म्हणाल्या, “सर, एकेटी तूर्त सुरू करू नका. आधी ब्रुसेला शोधूया. आणि घरात कुणी गरोदर आहे का?” होती. सून पाचव्या महिन्यात होती आणि सकाळची धार तीच काढायची.

ब्रुसेलोसिस, म्हणजे या ब्रुसेला जंतूमुळं होणारा आजार, हे नाव आपल्याकडं डॉक्टरांपेक्षा जनावरांच्या डॉक्टरांना जास्त परिचयाचं आहे. ते याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. गाभण जनावर शेवटच्या महिन्यांत गाभ टाकतं, जार अडकतो, आणि त्या जारात, पाण्यात, नंतर दुधात हे जंतू लाखांनी असतात. उघड्या हातानं जार काढणारा शेतकरी, गुराखी, खाटीक, पशुवैद्य आणि प्रयोगशाळेतला टेक्निशियन, यांना तो धरतो. ताप लाटांसारखा चढतो-उतरतो, सांधे आणि कंबर धरतो, पुरुषांच्या वृषणात शिरतो, गरोदर बाईचा गर्भ पाडू शकतो. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी माल्टा बेटावरच्या ब्रिटिश शिपायांत हा जंतू शोधला. पण तो कुठून येतो हे पुढं अठरा वर्षं कळलं नव्हतं. ते शोधलं थेमिस्टोक्लीस झामित या तिथल्याच डॉक्टरनं, १९०५ मध्ये. बेटावरच्या धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या रक्तात त्यांना तो सापडला. पुढच्या वर्षी शिपायांचं शेळीचं दूध बंद केलं आणि छावणीतला ताप झपाट्यानं ओसरला. तिथल्या शेळ्या घरोघर दारात आणून पिळल्या जायच्या, हे त्या मातीतल्या माणसाला ठाऊक होतं.

इतकं लांब जायचंही कारण नाही. आपल्या सीमेपलीकडच्या विजापूरला डॉ. बी. जी. मंतूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ वर्षांतल्या ४९५ रुग्णांची माहिती २००६ मध्ये प्रसिद्ध केली. तिथं कुणीतरी नेटानं तपासत राहिलं म्हणून एवढे सापडले. सांगली-साताऱ्याची गुरं, बाजार आणि माणसं विजापूरपेक्षा फार वेगळी नाहीत.

मॅडमनी त्या फोनवर आणखी एक गोष्ट समजावून सांगितली, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन असतं, आणि ते ब्रुसेलावरही चालतं. एकेटी सुरू केली असती तर आबांचा ताप थोड्या दिवसांत उतरला असता. घरचे खूश झाले असते आणि निदान बरोबर होतं अशी माझीही खात्री पटली असती. पण एवढ्यानं जंतू पुरता मरत नाही. पहिले दोन महिने झाल्यावर कधीतरी ताप उलटला असता, आणि मग टीबी औषधांना दाद देत नाही असं समजून आम्ही आणखी जहाल औषधांकडं गेलो असतो. पेशंटला बरं वाटतंय हा पुरावा आम्ही डॉक्टर फार मोठा मानतो. तोच पुरावा अशा ठिकाणी चकवतो.

पुढचं काम सरळ होतं, पण त्यातही मॅडमची एक सूचना होती. “रक्त पाठवताना बाटलीवर ठळक लिहा, ब्रुसेला संशय. आणि लॅबला आधी स्वतः फोन करा.” हा जंतू हवेतून श्वासावाटे शिरतो. नकळत प्लेट उघडून वास घेणाऱ्या किंवा ती हाताळणाऱ्या टेक्निशियनला तो सहज लागू शकतो. शिवाय तो सावकाश वाढतो. बाटली नेहमीपेक्षा जास्त दिवस ठेवायला सांगितलं नाही, तर लॅब ‘काही उगवलं नाही’ म्हणून ती टाकून देते. मी फोन केला. पलीकडच्या मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं, आणि बरं झालं सांगितलंत, म्हणाली.

मणक्यातला तुकडा कराडला सुईनं काढला, त्यात टीबीची सीबीनॅट चाचणी निगेटिव्ह आली. ब्रुसेलाच्या अँटिबॉडीची पातळी, १:१६० ला आम्ही संशय घेतो, ती त्याच्या कितीतरी वर होती. आणि आठवडा होतो न होतो तोच लॅबचा फोन आला की बाटलीत वाढ दिसते आहे. सुनेची तपासणी निगेटिव्ह होती. तिला धारेच्या कामातून त्याच दिवशी बाजूला केलं होतं.

उपचार जुन्या, स्वस्त औषधांचे. सुरुवातीला जेंटामायसिनची इंजेक्शनं, मूत्रपिंडावर लक्ष ठेवून, आणि डॉक्सिसायक्लिन व रिफाम्पिसिन. साध्या ब्रुसेलाला सहा आठवडे पुरतात. मणका धरला असेल तर निदान तीन महिने. इतके दिवस पोटात गोळ्या जायच्या, तर त्या कशा जायच्या हे समजावणं माझ्याकडं. डॉक्सिसायक्लिन जेवणानंतर, तांब्याभर पाण्याबरोबर, गिळल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. नाहीतर अन्ननलिकेत चिकटून जखम करते. दुधाबरोबर घ्यायची नाही, दुधानं ती नीट अंगी लागत नाही. उन्हात राबताना डोक्याला आणि हाताला झाकून घ्यायचं. रिफाम्पिसिननं लघवी लालसर होईल, घाबरायचं नाही. पंधरवड्यात ताप गेला. महिन्यानं आबा खुर्चीत बसले आणि लगेच विचारलं, “आता बंद करू का गोळ्या?” त्यावर मुलाला समोर बसवून कॅलेंडरवर शेवटच्या गोळीची तारीख गोल केली.

अशा सल्ल्यात जबाबदारी कुणाची, हा प्रश्न तरुण डॉक्टर मला विचारतात. २५ मार्च २०२० ला केंद्र सरकारनं टेलिमेडिसिनची नियमावली काढली, तिच्यात हे स्पष्ट आहे. एका डॉक्टरनं दुसऱ्याचा सल्ला घेतला तरी पेशंटची जबाबदारी सल्ला घेणाऱ्याचीच राहते. मला हे योग्य वाटतं. मॅडमनी आबांच्या पाठीला हात लावलेला नाही, तो मी लावला आहे. पण याच कारणानं मला आणखी एक गोष्ट ठामपणे म्हणावीशी वाटते. ही सगळी व्यवस्था आज ओळखीवर आणि भलेपणावर चालते. मॅडम माझ्याकडून पैसे घेत नाहीत. त्यांच्या स्वतःच्या इस्पितळातली राऊंड संपल्यावर, रात्री जेवणं झाल्यावर त्या माझं पान वाचतात. माझी ओळख आहे म्हणून आबांचं निदान झालं. ज्या डॉक्टरची अशी ओळख नाही त्याच्या पेशंटनं काय करायचं? ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेवर डॉक्टरला डॉक्टरशी बोलण्याची सोय आहे. तिथं प्रत्येक जिल्ह्यासाठी इन्फेक्शनच्या तज्ज्ञाची ठरलेली वेळ हवी, त्याला ठरलेला मोबदला हवा, आणि खासगी दवाखान्यातल्या आमच्यासारख्यांनाही तिथं विचारता आलं पाहिजे. जंतू सरकारी-खासगी बघत नाहीत. आज आमच्याकडं कोणतं अँटिबायोटिक कुठं चालेनासं झालं आहे हे जिल्ह्याच्या पातळीवर कुणी एकत्र बघत नाही. आणि रोज हेच बघणारी, शहाणी माणसं तीन तासांच्या अंतरावर आहेत.

ही देवघेव एका बाजूनं नाही. गाभडलेल्या म्हशीचा प्रश्न विचारायचा हे मॅडमना माहीत होतं, पण उत्तर गोठ्यातून येणार होतं. घाटाखाली महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचू चावलेल्या पोरांच्या खाटेशेजारी रात्र-रात्र बसून जे टिपलं, त्यातून प्राझोसिनचा उपचार उभा राहिला आणि जगभर गेला. तेव्हा या विषयात विचारायला वर कुणी तज्ज्ञच नव्हता. आबांचं निदान झाल्यावर मॅडमनी मला सांगितलं, तुमच्याकडच्या लांबलेल्या तापांत हा प्रश्न विचारत जा आणि मला कळवत जा. तेव्हापासून माझ्या केसपेपरवर जनावरांचा रकाना आहे. तो भरताना मला दिसलं की माझ्याकडं येणाऱ्या निम्म्याहून अधिक घरांत गोठा आहे, आणि इतकी वर्षं मी तंबाखू विचारत होतो, साखर विचारत होतो, म्हैस विचारत नव्हतो.

राहता राहिली ती म्हैस. तिचं काय करायचं हे मॅडमनाही सांगता येईना. त्या म्हणाल्या, आता तुम्ही पशुवैद्यांचा सल्ला घ्या. तालुक्याचे पशुवैद्यकीय अधिकारी स्वतः वाडीवर आले. म्हशीचं रक्त नेलं, ते पॉझिटिव्ह आलं. त्यांनी सांगितलं, बाधित जनावर औषधानं खात्रीनं बरं होत नाही. वेगळं बांधा, गाभण घालवू नका, बाजारात नेऊ नका. दूध तापवल्याशिवाय कुणी ओठाला लावायचं नाही. पुन्हा कधी असा प्रसंग आलाच तर मोजे घालून जार खोल खड्ड्यात चुन्यात पुरा. २०१९ च्या सप्टेंबरात केंद्रानं लाळ्या-खुरकुताबरोबर ब्रुसेलाच्या लसीकरणाचा कार्यक्रम सुरू केला आहे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना आयुष्यात एकदाच ही लस देतात. ते वय उलटलं की नाही. आबांच्या कालवडीचं वय बसत होतं. तिला टोचली.

मावशींनी मला एकांतात विचारलं, “डागतर, डेअरीवाल्यांस्नी सांगायचं का?” डेअरीत दूध पाश्चराईज होतं, त्या दुधाची भीती नाही, पण सांगायला हवं, असं मी म्हटलं. शेजारच्या गोठ्यांतल्या जनावरांचीही रक्तं तपासायला हवीत. त्या म्हणाल्या, “आमची म्हस अशी हाय म्हनल्यावर आमच्या दारातली रेडकं कोन घील?” याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पशुवैद्य आणि मी मिळून वाडीच्या देवळात बैठक घेतली, कुणाच्या घराचं नाव न घेता सगळं सांगितलं. बैठक उठल्यावर एकजण आमच्या मागोमाग गाडीपर्यंत आला आणि हळूच म्हणाला, आमची पण गेल्या साली गाभडली होती. मी त्याला विचारलं, घरात कुणाला ताप येतो का?